एचआयव्हीबाधित बाळंतीण आणि तिचे बाळ: कोल्हापूरच्या खेड्यांत नव्याने काम करणाऱ्यांसाठी आहार व स्वच्छतेची वाट

कोल्हापूर जिल्ह्यात आशाताई, अंगणवाडीताई, समुपदेशक किंवा एखाद्या संस्थेची कार्यकर्ती म्हणून नव्याने रुजू झालेल्या व्यक्तीसमोर आज ना उद्या एचआयव्हीची लागण झालेली बाळंतीण येते. त्या वेळी मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की या बाईने बाळाला अंगावर पाजावे की नाही. प्रश्न रास्त आहे. मात्र आईचे दूध हाच मुख्य धोका समजून सगळे लक्ष तिथे लावले, की प्रत्यक्षात बाळाला आजारी पाडणाऱ्या गोष्टी नजरेतून सुटतात. चुकलेली गोळी, कुणीतरी मायेने भरवलेला गुटीचा चमचा, नीट न धुतलेली बाटली आणि गावभर झालेली कुजबुज या त्या गोष्टी होत. पुढील पायऱ्या याच गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून मांडल्या आहेत.

पहिली पायरी: गोळी चालू आहे ना, हे पाहणे

कोणताच उपाय केला नाही, तर गर्भारपण, प्रसूती आणि स्तनपान या तिन्ही टप्प्यांत मिळून शंभरापैकी १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होऊ शकते. आईचे उपचार नियमित असतील आणि बाळाला जन्मानंतरचे औषध मिळाले, तर स्तनपान करूनही हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. या एवढ्या मोठ्या फरकाचे मुख्य कारण आईची रोजची गोळी हे आहे. ती गोळी विषाणूंची संख्या इतकी खाली आणते, की दुधातून बाळापर्यंत पोहोचण्याचा धोका अगदी थोडा उरतो. तो शून्य होत नाही, हेही आईला सरळ सांगावे. अर्धवट धीर पुढे अंगावर येतो.

सध्या बहुतेक मातांना टीएलडी ही तीन औषधे एकत्र असलेली गोळी दिवसातून एकदा आणि आयुष्यभर घ्यायची असते. ती सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचाराच्या केंद्रात, मोफत मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणी छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयात असे केंद्र आहे, आणि चाचणी व समुपदेशनाची केंद्रे, म्हणजे आपण ज्यांना आयसीटीसी म्हणतो ती, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांतून आहेत. गरोदरपणाच्या ३२ ते ३६ आठवड्यांत आईची व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंची संख्या मोजणारी, चाचणी होते आणि ती १००० किंवा त्याहून अधिक आली तर बाळ जास्त जोखमीचे धरले जाते. आपण तो आकडा वाचून निर्णय द्यायचा नाही. चाचणी झाली का आणि तिचा निकाल समुपदेशकांपर्यंत पोहोचला का, एवढे पाहायचे.

बाळंतपणानंतरचे पहिले दोन महिने गोळी चुकण्याचे असतात. पहिलटकरीण माहेरी जाते आणि गोळ्यांची बाटली सासरच्या कपाटात राहते. रात्रीची झोप मोडलेली असते, घरात पाहुण्यांची वर्दळ असते, आणि चारचौघांत गोळी कशी घ्यावी, हा पेच असतो. म्हणून पहिल्याच भेटीत गोळीची वेळ ठरवून घ्यावी. ती वेळ बाळंतिणीच्या इतर गोळ्यांशी, म्हणजे लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांशी, जोडावीशी वाटते. कारण मग कुणी विचारत नाही. परंतु टीएलडीमधील डोल्युटेग्राविर हे औषध रिकाम्या पोटी या गोळ्यांसोबत घेतले तर अंगी कमी लागते. म्हणून दोन्ही एकत्र घ्यायच्या असतील तर जेवणासोबतच घ्याव्यात आणि याची खात्री एआरटी केंद्रातून करून घ्यावी.

दुसरी पायरी: गुपित सांभाळणे

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एखाद्या व्यक्तीची एचआयव्हीविषयक माहिती तिच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. सासूला, जावेला, सरपंचांना, अगदी दुसऱ्या आशाताईलाही नाही. माता व बालसंरक्षण कार्डावर कुठलाही वेगळा शिक्का, लाल खूण किंवा चिठ्ठी लावू नये. गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर नाव न घेता केलेली विचारपूसही नाव घेतल्यासारखीच ठरते, कारण हजार-दीड हजार वस्तीच्या गावात त्या आठवड्यात बाळंत झालेल्या बायका सगळ्यांना ठाऊक असतात.

सुदैवाने घरी जाण्यासाठी वेगळे निमित्त शोधावे लागत नाही. दवाखान्यात बाळंत झालेल्या प्रत्येक बाईकडे आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचेच असते, आणि पुढे ३, ६, ९, १२ व १५ महिन्यांनाही गृहभेटी ठरलेल्या आहेत. आपली सगळी कामे याच भेटींत बसवावीत. त्याच दिवशी त्याच गल्लीतल्या दुसऱ्या बाळंतिणीकडेही जावे आणि तिलाही तेच प्रश्न विचारावेत. "आमच्याच घरात एवढ्या खेपा का हो?" हा प्रश्न मग कुणाच्या तोंडी येत नाही. खरे बोलणे बाळाचे वजन करताना किंवा आई बाळाला घेऊन आत पाजायला बसते तेव्हा होते. सोप्यात बसून होत नाही.

तिसरी पायरी: काय पाजायचे, हे आईसोबत ठरवणे

निर्णय आईचा असतो. आपण माहिती द्यायची आणि तिने ठरवल्यावर तिच्या पाठीशी राहायचे. राष्ट्रीय व जागतिक मार्गदर्शनाचा गाभा असा, की उपचार घेणाऱ्या आईने पहिले सहा महिने बाळाला निव्वळ स्वतःचे दूध द्यावे. निव्वळ म्हणजे पाणीसुद्धा नाही; चैत्र-वैशाखाच्या उन्हातही नाही, कारण दुधात लागेल तेवढे पाणी असते. डॉक्टरांनी दिलेली औषधे व ओआरएस यांचा यात अपवाद आहे.

डब्याचे दूध हा पर्याय बंद नाही, पण तो मांडण्यापूर्वी घराकडे नीट पाहावे. पिण्याचे पाणी बारमाही आणि खात्रीचे आहे का? घरात शौचालय आहे आणि ते वापरात आहे का? सहा महिन्यांत साधारण २० किलो पावडर लागते, ती शेवटच्या डब्यापर्यंत विकत घेणे झेपेल का? नवजात बाळाला दिवसरात्रीत आठेक वेळा पाजावे लागते. रात्री दोन वाजता उठून पाणी उकळणारे कुणी आहे का? सहा महिने अंगावर अजिबात पाजले नाही तर घरचे लोक काय म्हणतील, आणि ते तिला निभावता येईल का? बाळ आजारी पडले तर दवाखाना हाताशी आहे का? या सगळ्यांचे उत्तर होय असेल, तरच तो मार्ग सुरक्षित. आपल्याकडच्या बहुतेक खेड्यांत चौथ्या-पाचव्या प्रश्नाला गाडी अडते, असे माझे मत आहे. आणि पैसे असलेल्या घरांत ती पाचव्यालाच अडते, कारण बाळंतीण अंगावर पाजत नाही ही बातमी दारातून बाहेर पडायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट बजावून सांगायला हवी. दुधाच्या पावडरीचे फुकट डबे वाटणे किंवा तिची जाहिरात करणे १९९२ च्या कायद्याने निषिद्ध आहे. कुणी देणगीदार पुढे आला तरी डबे घेऊन गावात जाऊ नये. दोन महिन्यांनी देणगी आटते आणि तोवर आईचे दूधही आटलेले असते.

म्हशीच्या दुधाचा विषय कोल्हापुरात निघतोच. दारात म्हैस, गावात दूध संस्था, आणि शहरात गेले की गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेले धारोष्ण दूध, असा आपला अभिमान आहे. पण सहा महिन्यांच्या आतील बाळासाठी ते अन्न नव्हे. त्यातील प्रथिने व क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला जड जातात, लोह फारच कमी असते, आणि न उकळलेल्या दुधातून जंतू जातात ते वेगळेच. पाणी घालून पातळ केल्याने हा प्रश्न सुटत नाही.

डब्याचे दूध ठरलेच, तर पुढील रीत हाताने करून दाखवावी. आधी साबणाने हात धुवावेत. वाटी व चमचा साबणाने घासून पाण्यात उकळून घ्यावेत. बाटली आणि बूच वापरूच नये, कारण बुचाच्या आतल्या कडेला दुधाची साय धरते आणि ती कितीही घासली तरी निघत नाही. पाणी खळखळून उकळावे, उतरवल्यावर अर्ध्या तासाच्या आत, ते चांगले गरम असतानाच डब्यावर लिहिलेल्या मापाने पावडर घालावी, आणि मग भांडे गार पाण्यात धरून दूध कोमट करावे. पावडर वाचवण्यासाठी पाणी वाढवू नये. तयार दूध दोन तासांच्या आत संपवावे. उरलेले मोठ्यांनी प्यावे, पण बाळासाठी ठेवू नये. पाजताना बाळाला उभट धरावे आणि वाटीची कड त्याच्या खालच्या ओठाला टेकवावी. बाळ जिभेने दूध स्वतः ओढून घेते, घशात ओतायचे नसते.

चौथी पायरी: गुटी, मध आणि पाहुण्यांचे बोट

स्तनपानासोबत सहा महिन्यांच्या आत पाणी, गुटी, मध किंवा वरचे दूध सुरू केले तर जुलाबाचा धोका वाढतो. आईचा उपचार डळमळीत असेल तर एचआयव्हीच्या संक्रमणाचा धोकाही वाढतो, कारण वरच्या अन्नाने बाळाच्या आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होऊ शकते. आपल्याकडे हे "वरचे" निरनिराळ्या रूपांत येते. जन्मल्याबरोबर मधाचे किंवा साखरपाण्याचे बोट, रोज सकाळी सहाणेवर उगाळलेली बाळगुटी, पोट दुखते म्हणून ओव्याचे पाणी, बारशाला आलेल्या आत्याने लावलेले चाटण. यामागे कुणाचाही वाईट हेतू नसतो, म्हणूनच ते थांबवणे अवघड जाते.

सासूबाईंशी बोलताना आजाराचा विषय काढायचाच नाही. "आमच्या वेळंला सगळ्या पोरास्नी गुटी दिली, काय झालं?" असे त्या म्हणतील. त्यावर वाद घालू नये. "मावशी, तुमचा हात गुणाचाच. पण आता दवाखान्यातनं सगळ्याच बाळंतिणींना सांगतात, सहा महिनं वरचं काही नको. वजन बघा की, आठवड्यात केवढं वाढलंय," असे म्हणून वजनाचा काटा पुढे करावा. आजीसमोर वजन केले, आकडा तिच्याकडूनच वाचून घेतला, की गुटीची सहाण बहुधा आपोआप बाजूला होते. त्याबरोबरच आजीला दुसरे काम द्यावे: सुनेला दोन घास जास्तीचे खायला घालणे, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, भाकरीबरोबर पालेभाजी आणि परवडेल तसे अंडे. तिच्या हाताला मान हवा असतो, तो इथे मिळतो.

नवख्या कार्यकर्त्यांकडून एक घाई होते, ती टाळावी. एखाद्या दिवशी कळते, की बाळाला चार दिवस गुटी दिली गेली. लगेच "आता अंगावरचे बंद करा" असे सांगू नये. आई उपचारावर असेल तर वरचे थांबवून स्तनपान चालू ठेवणे हेच बाळाच्या हिताचे असते. अचानक दूध तोडल्याने आईची छाती दाटते, बाळ उपाशी व आजारी पडते.

पाचवी पायरी: छातीकडे आणि बाळाच्या तोंडाकडे पाहणे

स्तनाग्राला चीर, स्तनाला सूज, गळू किंवा बाळाच्या तोंडात पांढरा थर असेल तर संक्रमणाचा धोका वाढतो. त्यामुळे प्रत्येक भेटीत आईला याबद्दल विचारावे. चीर पडण्याचे नेहमीचे कारण बाळ नुसते बोंड तोंडात धरते हे असते. स्तनाग्राभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात गेला पाहिजे. एका बाजूला जखम, रक्त किंवा पू असेल तर त्या बाजूचे दूध पिळून टाकावे, दुसऱ्या बाजूने पाजत राहावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दोन्ही बाजू दुखावल्या असतील किंवा काही दिवस गोळ्या नसतील, तर तात्पुरता उपाय म्हणून पिळलेले दूध तापवून देता येते. स्वच्छ काचेच्या बरणीत ५० ते १५० मिलिलिटर दूध घ्यावे, ती बरणी छोट्या पातेल्यात ठेवावी, आणि पातेल्यातले पाणी बरणीतल्या दुधापेक्षा दोन बोटे वर येईल इतके घालावे. पाणी खदखदून उकळले, की लगेच बरणी बाहेर काढून दूध निवू द्यावे आणि वाटी-चमच्याने पाजावे. ही रीत आधी समुपदेशकांसमोर एकदा करून घ्यावी.

सहावी पायरी: पाणी, हात, लंगोट आणि बाळंतिणीची कापडे

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानापासून आपल्या खेड्यांत शौचालये बरीच झाली, पण बाळाची शी ही जणू शी नव्हेच, असा समज अजून टिकून आहे. लंगोट मोरीत खंगाळला जातो आणि त्याच मोरीत भांडी घासली जातात. बाळाची शी शौचालयातच टाकावी, लंगोट वेगळ्या बादलीत साबणाने धुवून कडक उन्हात वाळत घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत, हा जुलाब टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. शौचानंतर, बाळाची शी काढल्यावर, स्वयंपाकापूर्वी आणि बाळाला पाजण्या-भरवण्यापूर्वी हात धुण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लागावी म्हणून मोरीजवळ साबणाची वडी कायमची ठेवायला सांगावे. ती "पाहुण्यांसाठी" कपाटात असते, हे घरोघरी दिसेल.

पिण्याचे पाणी झाकलेल्या भांड्यात ठेवून ओगराळ्याने काढावे. तांब्या आणि बोटे आत बुडवू नयेत. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येते तेव्हा तुरटी फिरवली जाते. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. त्यानंतर पाणी उकळावे किंवा मेडिक्लोर हे जंतुनाशक द्रव बाटलीवरील मापाने घालावे.

बाळंतिणीच्या रक्तस्रावाची कापडे तिने स्वतः साबणाने धुवावीत आणि उन्हात वाळवावीत. दुसऱ्या कुणी धुणार असेल तर हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला बांधावी. हा नियम प्रत्येक बाळंतिणीसाठी सांगावा. ताट, वाटी, अंथरूण, शौचालय वेगळे करण्याची काहीही गरज नाही. या वाटेने एचआयव्ही पसरत नाही. बाळाला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बाईलाही धोका नसतो आणि तिला आजाराबद्दल काही सांगावेही लागत नाही. तिला एवढेच सांगावे, की नाळेला हळद, राख, तेल काही लावू नये आणि नाका-कानात तेल सोडू नये.

सातवी पायरी: बाळाचे औषध आणि तपासण्या

जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर बाळाला प्रतिबंधक औषध सुरू होते. ते सामान्यतः नेव्हिरापिनचे सिरप असते आणि सहा आठवडे द्यायचे असते. जास्त जोखमीच्या बाळाला दोन औषधे आणि स्तनपान चालू असल्यास अधिक काळ द्यावी लागतात. मात्रा वजनावर ठरते. सुई नसलेल्या सिरिंजवर कुठल्या रेघेपर्यंत औषध ओढायचे, ती रेघ समुपदेशकांकडून पक्क्या शाईने आखून घ्यावी.

दीड महिन्याच्या डोससाठी बाळ लसीकरणाला येतेच; त्याच सुमारास त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन पहिली एचआयव्ही चाचणी आयसीटीसीत होते. तेव्हापासूनच कोट्रायमॉक्साझोल हे इतर जंतुसंसर्गांपासून वाचवणारे औषध सुरू करतात आणि बाळाला लागण नाही हे पक्के होईपर्यंत ते चालते. पुढच्या तपासण्या ६ व १२ महिन्यांना आणि अखेरची १८ महिन्यांना किंवा स्तनपान थांबल्यावर तीन महिन्यांनी, यातले जे नंतर येईल तेव्हा, होते. पहिला अहवाल चांगला आला, की घरच्यांना वाटते सुटलो. स्तनपान चालू असेपर्यंत तपासणी संपत नाही, हे त्याच दिवशी सांगावे. कोणताही अहवाल पॉझिटिव्ह आला तर बाळाचे उपचार तातडीने सुरू होतात, आणि अशा बाळाने स्तनपान चालूच ठेवायचे असते.

सहा महिन्यांनंतर

उष्टावण झाली, की दोन-तीन चमच्यांपासून घट्टसर वरचे अन्न सुरू करावे: मऊ वरण-भात व तूप, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, पुढे अंडे. डाळीचे नुसते पाणी पोट भरते, पोषण करत नाही. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, नंतर तीन-चार वेळा भरवावे, आणि अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार बाळाच्याच पोटात जातो का, ते पाहावे. स्तनपान किमान वर्षभर चालू ठेवावे. थांबवायचे ठरले तर समुपदेशकांशी बोलून महिनाभरात हळूहळू थांबवावे. जुलाब लागले तर ओआरएस व १४ दिवस झिंक द्यावे, पाजणे बंद करू नये. बाळ सुस्त झाले, डोळे खोल गेले किंवा शीमध्ये रक्त दिसले तर १०८ ला फोन लावावा.

पूर आणि ऊसतोड

आपल्या जिल्ह्यात दोन प्रसंगांची तयारी आधीच करावी लागते. शिरोळ, हातकणंगले, करवीर या तालुक्यांत २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला, की रस्ते बंद होतात आणि लोक शाळेत किंवा नातेवाइकांकडे हलतात. जूनच्या अखेरीस अशा आईकडे किमान महिनाभराच्या गोळ्या शिल्लक आहेत याची खात्री करावी. गोळ्या, बाळाचे सिरप, एआरटीचे पुस्तक व ओआरएसची पाकिटे एका जाड प्लास्टिक पिशवीत बांधून घरात उंचावर ठेवायला सांगावीत. निवारा केंद्रात कुणी दुधाच्या पावडरीची पाकिटे वाटू लागले, तर स्तनपान करणाऱ्या आईला ती नकोत, हे तिथल्या लोकांना सर्वच मातांच्या नावाने सांगावे.

दुसरा प्रसंग गळीत हंगामाचा. मराठवाड्यातून आलेल्या टोळ्या शेताच्या कडेला खोप्या घालून राहतात आणि पहाटे तोडीला जातात. टोळीतली आई बाळाला पाचटाच्या सावलीत ठेवून मोळ्या बांधते, पाणी विहिरीचे किंवा कॅनॉलचे, शौचालय नाहीच. तिच्याकडे मुकादमाच्या देखत जाऊ नये. लसीकरणाच्या सत्राला तिला बोलवावे. तिच्या मूळ केंद्राचे पुस्तक जवळ असेल तर आपल्या एआरटी केंद्रातून औषध मिळण्याची व्यवस्था होते; पुस्तक गावी राहिले असेल तरी समुपदेशकांना तिच्या केंद्राशी बोलता येते. अडचण आल्यास १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक मोफत आहे आणि तो तिच्या फोनमध्ये "मावशी" अशा एखाद्या साध्या नावाने टाकून द्यावा. पट्टा पडण्याच्या आठ दिवस आधी, म्हणजे टोळी गावाकडे निघण्यापूर्वी, पुढच्या तपासणीची तारीख तिच्याकडून तोंडपाठ करून घ्यावी आणि गावच्या केंद्राला समुपदेशकांमार्फत ती येत असल्याचे कळवावे.